दोन्ही हातांचा चॅम्पियन

चॅम्पियन एका हातानं काहीच करत नसत. दाराच्या दोन्ही फळ्या एकदम ढकलून आत येत, कपाटाची दोन्ही दारं एकदम उघडत, चहाचा कप ओंजळीत धरल्यासारखा दोन्ही हातांनी तोंडाला लावत. स्कूटरवर असताना समोरून कुणी हात केला तर हँडल सोडत नसत. कमरेपासून सगळं अंग पुढं वाकवून मान डोलवत. समोरच्याला वाटायचं, माणूस पडतोय.

वडवणीतल्या ज्या सरकारी कार्यालयात मी कारकून होतो, तिथं ते आवक-जावक बघायचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी त्यांना शिक्के मारताना पाहिलं. उजव्या हातात ‘जावक’चा शिक्का, डाव्या हातात ‘तातडीचे’. दोन्ही हात खांद्यामागून वर यायचे आणि कागदावर एकाच वेळी आदळायचे. त्यामुळे आमच्या कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद तातडीचा असे. शिपायाची किरकोळ रजाही तातडीची, खुर्चीचा पाय मोडल्याचं पत्रही तातडीचं. जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या तालुक्याची मोठी दहशत होती.

मी न राहवून विचारलं, “दोन्ही हात कशाला लागतात हो?”

“बटरफ्लायवाला हाय मी,” ते म्हणाले. “बटरफ्लायमदी दोनी हात संगं निघतात आन् संगं पडतात. दिवसभर एकच हात चालवला की सवय मोडती.”

“आणि जेवताना?”

“जेवताना मी रिटायर असतो.”

मला पोहण्यातलं ‘बटरफ्लाय’ काय असतं हे तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या भागात पोहणं म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलणं आणि ढकललेला माणूस वर आला की त्याला पोहता येतं असं समजणं. चॅम्पियनही तसेच शिकलेले. मूळचे उमापूरचे. वडिलांचा फळांचा गाडा होता. पपया विकून झाल्या की बापलेक शेजारच्या विहिरीवर जायचे. तरुणपणी एकदा चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर त्यांनी हा प्रकार पाहिला.

“आधी मला वाटलं, बुडायलाय मानूस,” ते सांगत. “हात वर टाकतोय, तोंड उघडतोय, पुन्यांदा खाली जातोय. मग बगतो तर बुडता बुडता पुढंच चाललाय की! म्हनलं, ह्ये आपल्याला जमन.”

त्या टीव्हीच्या खालच्या अर्ध्या भागात नुसत्या मुंग्या दिसायच्या. त्यामुळे हात कसे टाकायचे ते चॅम्पियन यांना नीट दिसलं, पाय काय करतात ते दिसलंच नाही. पायांचं त्यांनी स्वतःच्या अकलेनं बसवलं. पुढं एका शिक्षकानं त्यांना सांगितलं की पाय बरोबर मारता तुम्ही. यावर त्यांची मान इतकी ताठ झाली की आठवडाभर ती खाली आली नाही, असं त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, सांगतात.

पण खरा घोटाळा पायांचा नव्हताच. घोटाळा विहिरीचा होता. विहीर गोल. चार हात मारले की समोर दगड. बटरफ्लाय काही जागच्या जागी मारता येत नाही, त्याला वाट लागते. मग चॅम्पियन यांनी उजव्या अंगाला कडा धरून गोल फिरायला सुरुवात केली. एक फेरी, दहा फेऱ्या, चाळीस फेऱ्या. पाणी हिरवंगार, खाली काही दिसायचं नाही, म्हणून डोळे मिटून. वीस वर्षं हा माणूस डोळे मिटून डावीकडं वळत पोहला. मग ते वळण अंगातच बसलं.

रस्त्यानं चालतानाही ते डावीकडं सरकत. नवीन माणूस गप्पा मारत त्यांच्या डाव्या बाजूनं निघाला की बाजारपेठ संपेपर्यंत गटारात गेलाच म्हणून समजा. आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडून चालायचो. एकदा बदलून आलेल्या नव्या साहेबांना हे सांगायचं राहून गेलं. साहेबांचे बूट दोन दिवस वाळत होते.

कामानिमित्त खेडोपाडी जायची वेळ आली की चॅम्पियन यांचा पहिला प्रश्न ठरलेला. राम राम झाला, सलाम झाला, की लगेच, “विहीर केवढी हाय तुमची?” लोकांना वाटायचं, काही सरकारी योजना आली. मग ते उत्साहानं विहीर दाखवायला न्यायचे. चॅम्पियन काठावर उभे राहून मनातल्या मनात हात मारून बघायचे आणि निकाल द्यायचे, “सात हातांची हाय. झकास.” किंवा, “पाच. आडचन व्हईल.” तालुक्यातली गावं त्यांना विहिरींवरून पाठ होती. पाच हातांच्या गावाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटे.

आता त्यांच्या कारकिर्दीबद्दल सांगतो. कारकीर्द हा त्यांचाच शब्द. आम्हा बाकीच्यांना नुसती नोकरी होती; चॅम्पियन नोकरीला नोकरी आणि पोहण्याला कारकीर्द म्हणत.

दरवर्षी जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा व्हायच्या. कबड्डीला झुंबड, क्रिकेटला भांडणं, रस्सीखेचीला तर मारामाऱ्या. पन्नास मीटर बटरफ्लायला मात्र एकच नाव. आमच्या चॅम्पियनचं. असं ओळीनं नऊ वर्षं चाललं. पंच शिट्टी फुंकायचे, हे एकटे उडी मारायचे, पंचवीस मीटर जायचे, पंचवीस मीटर यायचे. जाताना उजव्या कडेच्या लेनमधून निघालेले समोरच्या भिंतीशी डाव्या कडेला पोचायचे आणि येताना तसेच सरकत पुन्हा पहिल्या कडेला यायचे. बाकीच्या लेन रिकाम्याच असल्यानं कुणाचं काही बिघडत नसे. पंच ‘प्रथम’ असं लिहून प्रमाणपत्र हातात द्यायचे.

अशी नऊ प्रमाणपत्रं. चॅम्पियन यांनी हौसेनं ती लॅमिनेट करून घेतली होती. भाभींनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्यांखाली अंथरली.

“तेल सांडलं तरी पुसता येतंय,” भाभी म्हणाल्या. “कागद चांगला हाय सरकारचा.”

चॅम्पियन यांना याचं वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते जे बोलले, ते मी कधी विसरलो नाही.

“प्रथम म्हंजे कुनाच्या पुढं बे? नऊ साल झाले, मी पैलाबी हाय आन् शेवटचाबी हाय. मी कितवा हाय, ह्ये कुनी सांगतच न्हाई.”

माणूस वल्ली होता, आम्ही त्याच्यावर हसायचो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्या माणसाला दुसरं काही नको होतं. चांगला की वाईट, पहिला की पन्नासावा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि ते कळायला विभागाच्या स्पर्धेला जावं लागे. तिथं मराठवाड्यातले आठही जिल्हे यायचे. पण नियम असा, की किमान दोघं पोहल्याशिवाय पहिल्याचं नाव विभागाला जात नाही. दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता.

दहाव्या वर्षी मी दुसरा माणूस झालो.

माझ्या आयुष्यात मी केलेला हा एकमेव अविचार. चॅम्पियन यांना निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, उजवा खांदा कुरकुरत होता, आणि मला विहिरीत हातपाय मारता येत होते. मी म्हणालो, माझं नाव टाका. त्यांनी दोन्ही हातांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गदागदा हलवलं. मला वाटतं तो आनंद होता.

दोन महिने ते मला एका सात हातांच्या विहिरीवर शिकवत होते. सकाळी सहाला पाण्यात. “दोनी हात! दोनी हात बे! एक हात तुझ्या सासऱ्याकडं गेलाय का?” काठावरून सारखी आरोळी. कार्यालयातही माझी सुटका नव्हती. त्यांनी मला दोन्ही हातांनी फाइल उचलायला लावली, दोन्ही हातांनी पंखा लावायला लावला. घरी बायको म्हणाली, तुम्हाला काही झालंय का.

खरी काळजी वेगळीच होती. शेजारच्या लेनमध्ये माणूस असताना चॅम्पियन नेहमीसारखे डावीकडं सरकले, तर ते माझ्या लेनमध्ये येणार आणि बाद होणार. डोळे उघडे ठेवून पोहा म्हटलं तर त्यांना श्वासच घेता येईना. उजवीकडं वळून पोहायचा सराव केला तर चक्कर आली. शेवटी त्यांनीच तोड काढली.

“तू माह्या डाव्या बाजूला ऱ्हा. तुझा आवाज धरून चालतो. आवाज जवळ आला की उजवीकडं सरकन. येताना तू उजवीकडं असशील, आवाज लांब गेला की पुन्यांदा उजवीकडंच सरकन.”

“मी मागं पडलो की?”

“मी पडू देत न्हाई तुला मागं.”

स्पर्धेच्या दिवशी आमचं अर्धं कार्यालय किरकोळ रजा टाकून आलं. ते रजेचे अर्ज चॅम्पियन यांनीच आदल्या दिवशी तातडीचे म्हणून पाठवले होते. शिट्टी झाली, आम्ही उड्या मारल्या. पुढच्या पंचवीस मीटरमध्ये मी किती पाणी प्यायलो ते माझं मला माहीत. पण उजव्या बाजूला त्यांचे हात पडताना सारखे ऐकू येत होते. हा माणूस माझ्यासाठी हळू पोहत होता. बटरफ्लाय हळू पोहणं हे जोरात पोहण्यापेक्षा किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दहा वर्षांत पहिल्यांदा ते रेघेसारखे सरळ गेले. वळल्यावर निम्म्या अंतरापर्यंत ते माझ्या बरोबरीनं राहिले, मग सुटले. दोन्ही हात भिंतीला लावून वर आले आणि ओरडायला लागले, “ये! ये! ये!”

मी येत होतो. भिंत दोन हातांवर आली. मी डोकं वर काढलं आणि समोर काठावर, बरोबर माझ्याच लेनच्या तोंडाशी, आमचे साहेब उभे.

वीस वर्षांची नोकरी. साहेब दिसले की माझा उजवा हात आपोआप कपाळाला जातो. तो गेला. डावा एकटा भिंतीला लागला.

पंचांनी शिट्टी फुंकली. दोन्ही हात एकदम लागले नाहीत म्हणून मी बाद. मी बाद म्हणजे पोहणारा पुन्हा एकच, आणि एकच म्हणजे नाव विभागाला जाणार नाही.

साहेब माणूस भला. त्यांना झाला प्रकार कळला तेव्हा ते ओशाळले. पंचांना म्हणाले, “अहो, तो नमस्कार मला केला त्यानं. पोहला तर आहे ना बिचारा. घ्या धरून.” पंचही विरघळले. म्हणाले, “तसं मला इकडून नीट दिसलं नाही. दोन्ही लागलेही असतील.” सगळ्यांनी चॅम्पियनकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

“न्हाई सर,” चॅम्पियन म्हणाले. “एकच हात लागला. मी हितूनच बगितलं.”

मला पाण्यातून बाहेर येववेना. लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही आला होता. दोन महिने पहाटे उठलो ते कशासाठी?

परत येताना मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. वाटेतलं घाटसावळी गाव मागं पडलं. मग मीच म्हणालो, “कशाला केलं असं? हो म्हणायचं होतं.”

“मला कितवा हाय ते इचारायला जायचं होतं बे. खोटं सांगून गेलो असतो तर खरं कोन सांगनार होतं मला तिथं?”

थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, “पन तुझा आवाज लई भारी येत होता. तळ्यात म्हैस उतरल्यावानी. मला दुसऱ्या कुनाचा आवाज पाण्यात कदी आलाच नव्हता.”

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी शाल दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. भाषणात म्हणाले, “नोकरीतून रिटायर झालो. कारकिर्दीचं अजून ठरलं न्हाई.” सगळे हसले. मी हसलो नाही. जमलेल्या माणसांपैकी त्यांची कारकीर्द कुणी बुडवली असेल तर ती मीच, असं मला वाटत होतं. त्यानंतर मी त्यांना टाळायला लागलो. फोन आला की कामात असायचो.

ते मांजरसुंब्याला राहायला गेले. तिथं चौकात त्यांच्या मुलाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. दुकानाच्या मागं एक ढाबा, ढाब्याच्या मागं ढाबेवाल्याचं शेत आणि शेतात शेततळं. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, चौकोनी, तीस मीटरचं. चॅम्पियन यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, भाभी सांगतात, त्यांचे डोळे भरून आले. साठी गाठल्यावर या माणसाला रोज पोहायला सरळ पाणी मिळालं होतं.

आधी त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले. शेततळ्याचा कागद निसरडा असतो, पोहता येणारा माणूसही बाहेर निघता येत नाही म्हणून दगावतो. मग दुपारची गर्दी ओसरली की ढाब्यावरची माणसं त्यांच्याकडं यायला लागली. भट्टीवर रोट्या लावणारा, दोन वाढपी, रोज दूध घालायला येणारा एक गवळी, बोअरच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर. सगळे दांडगे, लग्नं झालेले बाप्ये. त्यांना पोहायला शिकायचं होतं. चॅम्पियन यांनी सांगितलं, पोहायचं म्हणजे बटरफ्लायच, दुसरं मला येत नाही. हे साफ खोटं होतं.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धा झाल्या तेव्हा त्यांचा फोन आला. मी उचलला, का कुणास ठाऊक.

“आरं, टाकी भरली!” ते ओरडत होते. “सहा लेन, सहा जन! बटरफ्लायला! आन् मी सहावा आलो!”

खांदा पार गेलेला, वय चौसष्ट. पहिला आला भट्टीवाला. दिवसाला हजार रोट्या थापणारे हात त्याचे. नियमानं तोच विभागाला जाणार होता.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“कशाचं? पाच मानसं माह्या पुढं हायेत. पाच! तू येतोस का आमच्यासंगं? पायजे मला तू.”

म्हणून मी गेलो. एसटीनं आम्ही तिघं. भट्टीवाला खिडकीशी, चॅम्पियन मध्ये, मी त्यांच्या उजवीकडं. तिथला तलाव भट्टीवाल्यानं दोनदा भोवती फिरून बघितला. पाणी निळं, तळ दिसतो, लेनला रंगीत दोऱ्या. आम्ही दोघं वर पायऱ्यांवर बसलो. आठ जिल्ह्यांचे आठ जण उभे राहिले. शिट्टी झाली आणि चॅम्पियनही सुरू झाले. बसल्या जागी दोन्ही हात खांद्यामागून वर, पुढं, खाली. पुढच्या पायरीवरच्या एका बाईंच्या डोक्याला लागले, मागं बसलेल्यांना काही दिसेना, लोक ओरडायला लागले. मी त्यांना धरलं नाही.

भट्टीवाला सहावा आला.

चॅम्पियन हळूहळू थांबले. दोन्ही हात समोर धरले आणि बोटं दुमडत पुटपुटायला लागले. मी विचारलं, काय चाललंय.

“ह्यो इथं सहावा. ह्यो जिल्ह्यात पैला, मी जिल्ह्यात सहावा. म्हंजे मी ह्याच्या मागं पाच.” त्यांनी पुन्हा एकदा बोटं मोजली. “अकरावा. मराठवाड्यात अकरावा हाय मी.”

ही बेरीज साफ चुकीची होती. इतर सात जिल्ह्यांत मागं राहिलेले कितीतरी असतील, त्यांतले कितीजण चॅम्पियनच्या पुढं गेले असते कोण जाणे. माझा जन्म आकडे तपासण्यात गेलाय. असं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी लाल शाईनं परत पाठवलं असतं. पण मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. इतकं निवांत झालेलं माणसाचं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“बरोबर,” मी म्हणालो. “अकरावा.”

त्यांनी भाभींना फोन लावला आणि सांगितलं. भाभी म्हणाल्या, “अच्छा. गरम कपडे घाला, शिंका येतील.” आपला नवराच पाण्यात उतरला होता की काय, अशी त्यांना भीती. चॅम्पियन यांनी फोन खिशात ठेवला आणि ते माझ्याकडं वळले.

“मग तू बारावा बे,” ते म्हणाले.

“मी कुठला? मी तर बाद झालो होतो.”

“बाद कागदावर झालतास. पोवला न्हाईस का? माह्या मागनं आलतास, मी वळून बगत होतो. अकराच्या मागं बारा.”

मला रडू आलं, तिथंच, चारशे माणसांत. ते म्हणाले, असंच होतं, नंबर कळला की असंच होतं. खाली भट्टीवाला ओल्या अंगानं आम्हाला शोधत होता. मी उठून उभा राहिलो आणि त्याला दोन्ही हात वर करून दाखवले.